तेल टाकलं, झालं? पण गळतंय कुठून?

क्लचच्या डबीतलं तेल कमी झालं की वरून ओतायचं आणि निघायचं, ही आपली पद्धत. पण तेल उगाच कमी होत नाही. ते कुठेतरी जातं. ते ‘कुठेतरी’ शोधायला शिका. गाडीसाठीही आणि स्वतःसाठीही.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये हा संवाद कधी ना कधी तुमच्या कानावर पडलेला असणार.

‘क्लच एकदम ढिला झालाय रे. न्यूट्रल सापडतच नाही.’

‘ऑइल बघितलंस?’

‘हो, कमी होतं. कालच टाकलं.’

‘मग झालं की!’

माझा आक्षेप नेमका या ‘झालं की’ला आहे. काहीच झालेलं नाही. काल टाकलेल्या तेलाच्या आधीचं तेल गेलं कुठे, हे कोणी विचारलंच नाही. डबीला झाकण आहे, नळी बंद आहे, वरचं आणि खालचं सिलिंडर बंद आहे. बंद कपाटातून रोज शंभर रुपये गायब होत असतील तर आपण रोज तिथे नवे शंभर रुपये ठेवतो का? आधी चोर शोधतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नोटा ठेवत राहतो आणि वर म्हणतो, गाडीचा मेन्टेनन्स फार आहे बुवा!

हे माझ्या गाडीत आहे का?

खरं सांगायचं तर तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाडीत हायड्रॉलिक क्लच नसेल. स्प्लेंडर, शाइन, पल्सर, क्लासिक ३५० या सगळ्यांचा क्लच केबलवर चालतो. दांडी दाबली की तार ओढली जाते आणि क्लच सुटतो. तेलावर चालणारा क्लच भेटतो तो मोठ्या गाड्यांत. सुझुकीची हायाबुसा, डुकाटीच्या बऱ्याच गाड्या, हार्ले-डेव्हिडसनच्या काही टूरिंग गाड्या. ग्रुपमधल्या एखाद्याने किंवा कोणाच्या तरी दादाने अशी गाडी सेकंडहँड घेतलेली असते आणि पुढे काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं.

‘मग आम्ही कशाला वाचायचं?’

कारण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या उजव्या मुठीकडे बघा. पुढे डिस्क ब्रेक असेल तर तिथे तेलाची एक छोटी डबी आहे. तिच्यातून एक नळी खाली चाकाकडे जाते. हे सगळं प्रकरण हायड्रॉलिक क्लचसारखंच आहे. तोच पिस्टन, तसलीच रबरी सील आणि बहुतेक वेळा तेलही तेच. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. त्यामुळे दीडशे सीसीची साधी गाडी घेतली तरी ही डबी सोबत येतेच.

फरक एवढाच, की क्लचचं तेल गळलं तर गाडी सिग्नलला अडते. ब्रेकचं गळलं तर गाडी थांबतच नाही. म्हणून क्लचवर शिका. तिथे शिकलेलं ब्रेकवर उपयोगी पडेल.

दोन मार्कांचा नियम

पास्कलचा नियम अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी घोकलाय. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. व्याख्या लिहिली, दोन मार्क मिळाले, विषय संपला. सतराव्या शतकातल्या त्या फ्रेंच माणसाचा नियम तुमच्या गाडीच्या डाव्या मुठीत बसलेला असतो, हे मात्र कोणी दाखवलं नाही.

तुम्ही क्लचची दांडी दाबता तेव्हा मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन पुढे सरकतो. तेलावर दाब येतो. तो दाब नळीतून खाली, इंजिनजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातो. तिथला पिस्टन बाहेर येतो, एक दांडा ढकलतो आणि क्लचच्या प्लेट्स एकमेकींपासून सुट्या होतात.

यात सगळा भरवसा दोन गोष्टींवर आहे. एक, तेल दाबलं जाऊन लहान होत नाही. दोन, रबरी सील ते बाहेर जाऊ देत नाहीत. सील हरलं की तेल बाहेर येतं आणि त्याच्या जागी हवा आत शिरते. हवा मात्र दाबली की लहान होते. म्हणून दांडी स्पंजसारखी लागायला लागते. तुम्ही पूर्ण दाबता, पण तुमचा अर्धा जोर हवेचा बुडबुडा चेपण्यात वाया जातो. खाली पिस्टन जेमतेम हलतो.

पातळी खाली गेली, म्हणजे काय?

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ब्रेकचं तेल कमी होणं आणि क्लचचं तेल कमी होणं, यांचा अर्थ वेगळा आहे.

डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात. झिजले की कॅलिपरचा पिस्टन थोडा जास्त बाहेर राहतो आणि त्याच्यामागे थोडं जास्त तेल मावतं. म्हणून कुठेही गळती नसताना ब्रेकच्या डबीतली पातळी हळूहळू खाली येते. ते नैसर्गिक आहे. अशा वेळी वरून तेल भरलं तर पॅड संपत आल्याची सूचनाच आपण पुसून टाकतो. वर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की तेच जास्तीचं तेल डबीतून उतू जाऊन टाकीच्या रंगावर पडतं.

क्लचमध्ये उलट होतं. प्लेट्स झिजतात तसा दांडा थोडा मागे येतो आणि स्लेव्हच्या पिस्टनलाही मागे ढकलतो. म्हणजे क्लच झिजला की डबीतली पातळी कमी तर होत नाहीच, झाली तर किंचित वाढते. आता विचार करा. झीज झाली तरी पातळी खाली जायला नको, असं असताना तुमची पातळी खाली गेलीय. याला एकच कारण उरतं. गळती.

‘थोडंसं कमी होणारच ना’ हे वाक्य क्लचच्या डबीला लागू नाही. तिथे थोडंसं कमी म्हणजे थोडंसं गळतंय, आणि उद्या जास्त गळणार आहे.

‘क्लच प्लेट गेली’ हे ठरलेलं उत्तर

क्लचची काहीही तक्रार घेऊन जा, अनेक ठिकाणी गाडीला हात लावायच्या आधी उत्तर मिळतं, ‘प्लेट गेली असेल.’ मोठ्या गाडीच्या क्लच प्लेटचा सेट म्हणजे तुमच्या वर्षभराच्या पॉकेटमनीची वाट. म्हणून हो म्हणायच्या आधी दोन तक्रारींमधला फरक समजून घ्या.

पहिली तक्रार म्हणजे क्लच घसरणं. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. चढावर हे जास्त जाणवतं. इथे प्लेट्सवर संशय घेणं बरोबर आहे.

दुसरी तक्रार म्हणजे क्लच पूर्ण न सुटणं. दांडी मुठीला टेकली तरी गाडी पुढे रेटते, सिग्नलला न्यूट्रल मिळत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो.

प्लेट्स घट्ट धरून ठेवायचं काम स्प्रिंग करतात आणि त्या सोडवायचं काम तेल करतं. तेल गळलं की सोडवणारा कमजोर होतो, धरणारा नाही. म्हणून तेलाच्या गळतीने क्लच घसरत नाही, तो सुटत नाही. न सुटण्याची दुसरीही कारणं असतात, वाकलेली प्लेट हे त्यातलं एक. पण डबी रिकामी होत असताना पहिला संशय प्लेटवर घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शोध घ्यायचा कसा?

यासाठी गॅरेज लागत नाही. फडकं, पाणी, टिश्यू पेपर, मोबाइलचा टॉर्च आणि एक रविवार एवढं पुरतं. हातात रबरी ग्लोव्हज घाला, कारण हे तेल त्वचेला आणि डोळ्यांना चांगलं नाही.

आधी पातळीची नोंद करा. गाडी सरळ उभी करा, हँडल असं फिरवा की डबी आडवी समपातळीत येईल. साइड स्टँडवर कललेल्या गाडीतली पातळी तुम्हाला फसवते. मोबाइलवर फोटो काढा. दर रविवारी तसाच एक फोटो. तीन फोटोंत कळतं, की तेल खरंच कमी होतंय का आणि किती वेगाने. ‘मला वाटतं कमी झालं’ आणि ‘पंधरा दिवसांत एवढं कमी झालं’ यांत फार अंतर आहे.

मग खाली काय सांडलंय ते ओळखा. मोठ्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बरेचदा पुढच्या स्प्रॉकेटच्या शेजारीच असतं. तिथे ओलं दिसलं म्हणजे ते क्लचचंच तेल, असं नाही. चेनला मारलेलं ल्युब तिथे उडतं. गिअर शाफ्टच्या सीलमधून इंजिन ऑइल येऊ शकतं. पावसात साधं पाणीही असतं. ल्युब चिकट आणि काळं असतं. इंजिन ऑइल पाण्यात मिसळत नाही, तरंगतं. क्लचमध्ये डॉट ४ असेल तर ते पाण्यात विरघळतं. स्वच्छ फडक्यावर थोडं टिपा आणि भांडंभर पाण्यात बुडवून बघा. वर रंगीबेरंगी तवंग आला तर संशयित दुसरा आहे. आसपासचा रंग फुगलाय, सोलवटलाय असं दिसलं तर मात्र डॉट ४ची सहीच समजा. रंग खाणं हा त्याचा स्वभाव आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. काही गाड्यांच्या क्लचमध्ये डॉट ४ नसून मिनरल ऑइल असतं. तेही पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिथे ही पाण्याची परीक्षा कामाची नाही.

त्यानंतर सगळं धुऊन कोरडं करा. ही पायरी सगळे टाळतात आणि तिथेच फसतात. मळलेल्या, तेलकट इंजिनावर गळती शोधणं म्हणजे पावसात टाकीची गळती शोधणं. साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, वाळू द्या. मग प्रत्येक जोडाभोवती टिश्यूची पट्टी गुंडाळा. दांडी वीस-तीस वेळा दाबा. शेवटी दांडी दाबलेल्या अवस्थेत मुठीला कापडाच्या पट्टीने बांधून गाडी रात्रभर तशीच ठेवा. दाबाखाली लपून बसलेली गळती बाहेर येते. सकाळी कोणती पट्टी ओली, ते बघा.

आणि नेहमी सगळ्यात वरची ओली जागा शोधा. तेल खाली ओघळतं, चालत्या गाडीवर वाऱ्याने मागे जातं. थेंब जिथून पडतो तिथून तो निघालेला असेलच असं नाही.

संशयितांची यादी

सुरुवात वरून करा. दांडीजवळ मास्टर सिलिंडरच्या तोंडाला एक छोटं रबरी बूट असतं. ते हलकेच बाजूला करा. आत ओलं असेल तर पिस्टनचं सील गेलं. बूट तेल धरून ठेवतं, म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि एक दिवस अचानक तुमचा डावा ग्लोव्ह ओला होतो. डबीच्या झाकणाखालचं रबर फाटलंय का, नीट बसलंय का, तेही बघा.

मग नळीचे दोन्ही टोकांचे जोड. तिथे पोकळ बोल्ट असतो, त्याला बांजो बोल्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं वायसर असतं. ते दाबलं जाऊन जागा बंद करतं आणि ते काम एकदाच चांगलं करतं. जोड खोलला की वायसर नवं टाकायचं. काही रुपयांची ही वस्तू वाचवण्यासाठी जुनं वायसर लावून बोल्ट जिवाच्या आकांताने आवळतात आणि आटे घालवतात. नळीही पूर्ण चाचपडा. हँडल वळताना ती जिथे दुमडते तिथे चिरा पडतात.

शेवटी खालचं स्लेव्ह सिलिंडर. माझा अंदाज विचाराल तर पहिली पैज मी इथे लावेन. चेनची माती, पावसाचा चिखल, इंजिनाची उष्णता, सगळं त्याच्याच वाट्याला येतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि दर वेळी दांडी दाबताना सील त्या खड्ड्यांवरून घासत जातं. कव्हर उघडून बघा. पिस्टनभोवती ओलसर, काळपट चिखल दिसला तर चोर सापडला.

इथेही एक फसगत होते. स्लेव्हच्या मागे, दांडा जिथून इंजिनात शिरतो, तिथे एक वेगळं सील असतं. ते गेलं तर इंजिन ऑइल बाहेर येतं आणि स्लेव्हवर ओघळतं. बघणाऱ्याला वाटतं स्लेव्ह गेलं. महागडं स्लेव्ह येतं, बसतं आणि गळती तशीच राहते. म्हणून आधी कोणतं तेल, मग कुठून.

थेंबही दिसत नाही, तरीही?

कधी कधी डबी भरलेली असते, सगळं कोरडं असतं, तरी क्लच सुटत नाही. तेव्हा इंजिन बंद ठेवून दांडी सलग मिनिटभर दाबून धरा. ती हळूहळू मुठीकडे सरकत गेली तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील हरलंय. तेल बाहेर जात नाही, आतल्या आत सीलला वळसा घालून डबीकडे परत जातं. ही गळतीच आहे, फक्त घरातल्या घरात.

दांडी सरकत नाही पण स्पंजसारखी आहे आणि चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर कडक होते, तर लाइनमध्ये हवा आहे. हवा काढून घ्या. पण आठवड्याभरात ती परत आली तर पुन्हा तोच प्रश्न, शिरली कुठून?

ब्रेक ऑइल हे ऑइल नाही

आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, त्यामुळे मोठा गोंधळ होतो. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ हे ग्लायकॉलच्या जातीचे द्रव आहेत. त्यांना चालणारं रबर इंजिन ऑइलमध्ये किंवा मिनरल ऑइलमध्ये फुगतं. एकदा चुकीचं तेल गेलं की एक सील नाही, सगळीच सील जातात. उलटही खरं. मिनरल ऑइलवाल्या क्लचमध्ये डॉट ४ ओतलं तर तिथली सील खराब होतात. आणि डॉट ५ हे नाव ५.१ सारखं दिसत असलं तरी ते सिलिकॉनचं असतं. ते यांत मिसळायचं नाही. काय टाकायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. वाचायला पाच सेकंद लागतात.

दुसरी गोष्ट, हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. नव्या कोऱ्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ताम्हिणी किंवा खंबाटकी उतरताना तापलेल्या ब्रेकसाठी हा फरक जिवाचा आहे. क्लचमध्ये हेच पाणी आतून गंज आणतं, गंज खड्डे पाडतो, खड्डे सील खातात. म्हणजे आजची गळती बरेचदा दोन-तीन वर्षांपूर्वी न बदललेल्या तेलातून जन्मलेली असते. साधारण दर दोन वर्षांनी तेल बदला आणि सील तोडलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर नकोच.

‘एवढा वेळ कोणाला आहे?’

हा प्रश्न येणारच. सबमिशन आहे, परीक्षा आहे, पार्टटाइम नोकरी आहे. दोन मिनिटांत तेल ओतून काम होत असेल तर रविवार कशाला घालवायचा?

त्यावर एक मोठं उदाहरण बघा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हार्ले-डेव्हिडसनने जगभरातल्या सुमारे २ लाख ३८ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारण नेमकं हेच होतं. हायड्रॉलिक क्लचच्या खालच्या सिलिंडरमध्ये सीलमधून तेल गळू शकत होतं आणि मग क्लच पूर्ण सुटत नव्हता. गाडी गिअरमध्ये आहे, तुम्ही दांडी पूर्ण दाबलीय आणि तरीही ती पुढे जातेय, ही अवस्था पुढे झेब्रा क्रॉसिंग असताना कशी असेल, कल्पना करा. ‘अधूनमधून तेल टाकत राहा’ हा सल्ला कंपनीला फार स्वस्त पडला असता. पण तो उपाय नव्हता.

तुमच्यावर कधी अशी वेळ आलीच तर दोन्ही ब्रेक लावा आणि इंजिन किल स्विचने बंद करा. क्लच हातात नसला तरी तो लाल स्विच असतो. आणि गळती ब्रेकच्या बाजूची असेल तर गाडी चालवतच गॅरेजला न्यायची नाही. ढकलत न्या, टेम्पोत टाका, मेकॅनिकला बोलवा.

वेळेचा हिशेब करायचा तर पूर्ण करा. दर पंधरा दिवसांनी बाटली, मध्येच एक प्लेटचा सेट, टाकीवर पडलेल्या डागाचं पेंटिंग आणि ट्रिपला अर्ध्या रस्त्यात अडकलेली गाडी. याच्यापुढे एक रविवार स्वस्त आहे.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

हे सगळं वाचून मेकॅनिकशी भांडायला जाऊ नका. सील बदलणं, हवा काढणं हे हाताचं कसब आहे आणि ते त्यांच्याकडे आहे. सिलिंडरच्या आत खड्डे पडलेत की नुसतं सील किट पुरेल, हे खोलल्यावर त्यांची नजर तुमच्यापेक्षा आधी सांगेल. चांगल्या मेकॅनिकला नीट माहिती घेऊन आलेलं गिऱ्हाईक आवडतं.

फक्त वाक्य बदला. ‘दादा, क्लच करून द्या’ असं म्हणालात तर समोरच्याला जे सोपं, ते होईल. त्याऐवजी सांगा, ‘दादा, पंधरा दिवसांत पातळी एवढी खाली गेली. हे फोटो. वरचं बूट कोरडं आहे, खाली स्प्रॉकेटजवळ ओलं आहे, पाण्यात विरघळतंय.’ मग विचारा, ‘गळती कुठून आहे ते मला दाखवाल?’ काम झाल्यावर म्हणा, ‘जुना पार्ट मला द्या.’ या दोन वाक्यांनी बिल बदलतं, हे कोणीही गाडीवाला सांगेल.

मुलींना हे जास्त सांगावंसं वाटतं. गॅरेजमध्ये तुम्ही प्रश्न विचारलात की बऱ्याचदा उत्तर तुमच्यासोबत आलेल्या भावाला किंवा मित्राला दिलं जातं. गाडी तुमची, पैसे तुमचे, उत्तर त्याला! तिथे आवाज चढवायची गरज नाही. तीन रविवारचे तीन फोटो पुढे ठेवा. ज्याच्याकडे नोंद असते त्याच्याशी बोलावंच लागतं. तिच्याशीही.

सवयीचा प्रश्न आहे

शेवटी मुद्दा एका थेंबाचा नाहीच. टॉप-अप करून वेळ मारून नेणं आपल्या अंगवळणी पडलंय. अटेंडन्स कमी पडली की मेडिकल सर्टिफिकेट, मार्क कमी पडले की आणखी एक क्लास, झोप कमी पडली की आणखी एक कॉफी. पातळी वर आली की आपण खूश. ती खाली का जातेय, हे बघायला वाकावं लागतं, हात काळे करावे लागतात, आणि सापडलेलं कारण कधी कधी आपल्याला आवडणारं नसतं.

गाडी मात्र याबाबतीत फार प्रामाणिक असते. ती लपवत नाही, कारणं सांगत नाही, थेंब टाकते. तो कुठून आला ते शोधायला हुशारी लागत नाही. थोडा धीर, कोरडं फडकं आणि ‘झालं की’ म्हणायच्या आधी थांबायची तयारी लागते.

येत्या रविवारी एवढंच करा. गाडी सरळ उभी करा, क्लचची नसेल तर ब्रेकची डबी बघा आणि एक फोटो काढा. बाटली आणायला जाण्याआधी!